डब्याच्या थैलीतलं रजिस्टर

लग्नसराई तोंडावर आली की गोंदियातल्या बायकांना एकाएकी आठवतं, की आपल्याकडे अंगावर घालण्याजोगं एकही धड पोलकं नाही. मग त्या सगळ्या मिळून प्रेमिलाच्या दारात येतात. त्या मंगळवारीही तिच्या शिलाई मशीनशेजारी कापडाचा ढीग पडला होता. गॅसवर लाखोरीच्या डाळीचं वरण उकळत होतं. समोरच्या भिंतीवर देवांच्या तसबिरींच्या रांगेत अगदी शेवटी लॅमिनेशन केलेला एक कागद लटकत होता. सकाळी देवांच्या काचा पुसताना प्रेमिला त्या कागदावरूनही फडकं फिरवत असे.

तो तिच्या नेमणुकीचा कागद होता. गावाबाहेरच्या ट्रस्टच्या रुग्णालयात तिचा नवरा बकाराम शिपाई होता. चार वर्षांपूर्वी त्या रुग्णालयात संशोधन सुरू झालं, तेव्हा नियम निघाला की माणसांवर करायचा कुठलाही अभ्यास आधी नैतिकता समितीने तपासावा. समितीत डॉक्टर हवेत, वकील हवा आणि रुग्णालयाशी काही संबंध नसलेला, समाजातला एक साधा माणूसही हवा. असा माणूस शोधत फिरायला कुणाला सवड होती? ऑफिसातल्या बाबूने समोर उभ्या असलेल्या शिपायालाच विचारलं, ‘‘बकाराम, घरवाली पढी-लिखी है क्या?’’ बकाराम म्हणाला, ‘‘दहावी पास हाय, साहेब.’’ झाली समिती पूर्ण!

‘समाजप्रतिनिधी’ हा शब्द वाचून प्रेमिलाला त्या रात्री झोप लागली नव्हती. शेजारच्या नंदाबाईंना तर नैतिकता समिती म्हणजे लोकांच्या वागणुकीवर नजर ठेवणारी समिती वाटली. त्यांनी आपल्या दारुड्या जावयाला चार शब्द सुनवायला प्रेमिलाला घरी बोलावून नेलं होतं. प्रेमिला गेली आणि तिने सुनावलंही. समितीचं म्हणून तिने मनापासून केलेलं काम आजवर तेवढंच.

बाकी काम बकारामच्या डब्याच्या थैलीतून यायचं. तो दुपारी घरी जेवायला येताना थैलीत रजिस्टर आणायचा. त्यात सभेचा वृत्तांत आधीच लिहिलेला असायचा. तो हात धुऊन येईपर्यंत प्रेमिला आपल्या नावापुढे वळणदार सही करायची. वकीलसाहेबांची सही कोर्टाच्या कँटीनमध्ये व्हायची, डॉक्टरांच्या सह्या ज्याच्या त्याच्या वॉर्डात. वृत्तांताच्या शेवटी दर वेळी एकच वाक्य असे, ‘चहापानानंतर सभा संपली.’ त्यातला चहा तेवढा खरा होता, कारण तो प्रेमिलाच नवऱ्याला करून द्यायची. अशा अकरा सभांना ती ‘हजर’ होती. सभेची खोली कुठे आहे हे तिला ठाऊक नव्हतं, आणि ते विचारावं असंही तिला कधी वाटलं नव्हतं.

साडेबाराच्या सुमारास दाराशी ऑटो थांबला. आतून तिची वहिनी रुख्माबाई उतरली, आणि मागून भाची हर्षा. भावाचं गाव देवरीच्या पलीकडे जंगलाला लागून, तिथून दोघी बसने आल्या होत्या. हर्षाचं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. पाचवा महिना लागल्याची खबर प्रेमिलाला होती. पण पोरीच्या हातातली पत्र्याची पेटी बघून ती मशीनवरून उठली. लग्नात तीच पेटी तिने स्वतः भरून दिली होती. चार दिवसांच्या माहेरपणाला कुणी पेटी घेऊन निघत नाही.

‘‘वयनी, काय झालं वो?’’

रुख्माबाईने पदराने तोंड पुसलं. ‘‘पोचवून गेले, बाई. परवा. दुर्गेसजावई मोटारसायकलवर आले, आंगनात पेटी ठेवली, आन् पानीबी न पेता चालले गेले. रोगी घरची पोरगी देल्ली म्हनते आमाले.’’

‘‘कोनता रोग?’’

‘‘सिकलसेल,’’ हर्षा म्हणाली. ती खाली बसली नव्हती, भिंतीला टेकून उभी होती. ‘‘आमच्या गावात तुमच्या दवाखान्याचे लोक आले होते, आत्या. घरोघरी रक्त घेतलं. मामाजीनं कागदावर सही केली. म्हनाले, माह्या घरच्या बायकाइचं मी सांगतो. मायं आन् जाऊबाईचं रक्त घ्याले सांगतलं.’’

मामाजी म्हणजे तिचे सासरे यादोराव. दहा एकर धानाची शेती, गावात शब्दाला वजन.

‘‘आन् पोराइचं?’’

‘‘पोराइचं कायले, म्हनाले. दोस तं बाईतूनच येते.’’

सिकलसेल या भागात घरोघरी ठाऊक असलेलं नाव. रुग्णालयातली पत्रकं बकाराम घरी आणायचा, त्यामुळे तिला एवढं माहीत होतं की रक्तात अर्धा दोष असलेला माणूस नुसता वाहक असतो, रोगी नव्हे. नवरा-बायको दोघंही वाहक असतील तरच लेकराला आजाराचा धोका. म्हणजे हर्षाइतकंच दुर्गेशचं रक्त बघायला हवं होतं. ते कुणी बघितलं नाही. पाच महिन्यांच्या पोटुशीला मोटारसायकलवर बसवून आणून टाकणं सोपं वाटलं.

‘‘पन हे त्याइले समजलं कसं? तुले येगळं बोलावून सांगतलं असन ना?’’

हर्षा हसली. ते हसू बघवत नव्हतं. ‘‘पंचायतीच्या टिनाखाली गाव जमवलं होतं. माईकवर नावं वाचली. हर्षा दुर्गेस, सिकलसेल. वाहक का रोगी, तेबी नाही सांगतलं. माह्या बाजूच्या बाया उठून दुसरीकडं जाऊन बसल्या.’’

‘‘तू हात कायले पुढं केला, माय? नाही म्हनाचं होतं!’’

हे वाक्य प्रेमिलाच्या तोंडून गेलं आणि हर्षाने पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. कमरेला खोचलेला एक घडी केलेला कागद काढून तिने मशीनवर ठेवला. अभ्यासाचं माहितीपत्रक होतं ते. गावात वाटायला आणलेला गठ्ठा अंगणवाडीच्या कपाटात तसाच बांधून पडला होता. रक्त घेणाऱ्या पोरीच्या फाइलमध्ये मात्र एक प्रत होती, ती हर्षाने मागून घेतली होती.

‘‘मी हात मांगं घेतला होता, आत्या. म्हटलं, मले कोनी इचारलंच नाही. मंग त्या पोरीच्या फाइलमंधी हा कागद दिसला. तुहं नाव छापून होतं. वाटलं, आत्यानं पायलं हाय तं बरोबरच असन. म्हून हात पुढं केला.’’

प्रेमिलाने वाचलं. ‘हा अभ्यास नैतिकता समितीने तपासून मंजूर केला आहे. शंका असल्यास समाजप्रतिनिधी सौ. प्रेमिला बकाराम कुंभरे यांच्याशी बोलावे.’ यादोरावांना बोल लावायला तिची जीभ वळवळत होती, ती तिथेच लुळी पडली. पोरीने सासऱ्याच्या सहीला मान दिला नव्हता. तिने आत्याच्या सहीवर भरवसा ठेवला होता. आणि आत्याने सही कशी केली होती, तर नवऱ्याचे हात धुऊन होईपर्यंतच्या वेळात.

एक वाजता बकाराम आला. थैली खुंटीला न अडकवता त्याने सरळ रजिस्टर बाहेर काढलं. पाहुण्या बघून तो हसला, ‘‘कवा आल्या?’’ म्हणाला, आणि उत्तराची वाट न बघता बायकोकडे वळला. ‘‘वाढ लवकर, आन् सही दे. चार वाजता अभ्यासाले पैसे देनारे दिल्लीचे पाहुने येऊन राहिले. त्याइच्या पैल्यान मंजुरी पायजे म्हनते वीरेंद्र डॉक्टर.’’

प्रेमिलाने ताट वाढलं नाही. बावीस वर्षांत असं पहिल्यांदाच घडलं, म्हणून बकाराम घाबरला. तिने रजिस्टर उघडलं. शाई ताजी होती. ‘आज सकाळी अकरा वाजता समितीची सभा झाली. सर्व सदस्यांनी प्रस्तावावर सखोल चर्चा केली.’ सकाळी अकरा वाजता प्रेमिलाने नंदाबाईंशी सखोल चर्चा केली होती खरी, पण ती पोलक्याला हूक लावायचे की बटणं यावर.

‘‘कायची मंजुरी हाय?’’

‘‘तेच सिकलसेलचं. पैले सहा गावं झाली, आता चाळीस गावं घेनार हायेत.’’

जाड प्रस्ताव इंग्रजीत होता. शेवटी मराठीत एक पान जोडलेलं होतं. प्रेमिलाने ते हर्षाच्या हातात दिलं. ‘‘मोठ्यानं वाच.’’

हर्षा बारावी शिकलेली, वाचन स्वच्छ होतं. ‘कुटुंबप्रमुखाची संमती घेण्यात येईल. निकाल ग्रामसभेत कळविण्यात येतील.’ ही दोन वाक्यं तिने वाचली, थांबली, आणि पुन्हा वाचली. बकाराम पेटीकडे बघत होता, मग पोरीच्या पोटाकडे, आणि त्याच्या चेहऱ्यावरून कळत होतं की न सांगताच त्याला सगळं समजलं आहे. तो पाटावर बसला.

‘‘पोरीचं आपुन पाहू,’’ तो हळूच म्हणाला. ‘‘मी जातो यादोरावकडं, हात जोडतो. पन आज सही दे. सतरा वर्सं मी ह्या दवाखान्याची दारं उघडून राहिलो. पुढच्या महिन्यात पर्मनंटची यादी लागते. नाव हाय त्याच्यात मायं. यादी लागली का मंग तुले जे कराचं ते कर.’’

‘‘यादी लागेपर्यंत ते चाळीस गावं थांबतीन काजी?’’

‘‘सही तुही एकटीची थोडीच हाय? बाकीचेबी करतेत.’’

‘‘बाकीच्याइच्या भाच्या घरी नाही आल्या पेटी घेऊन.’’

ती उठली. गॅस बंद केला, रजिस्टर थैलीत घातलं आणि थैली स्वतःच्या खांद्याला लावली. ‘‘वयनी, तुमी जेवून घ्या. हर्षा, येतं का? नाही म्हटलं तरी चालते, माय.’’

हर्षा आधीच चपला घालत होती. न जेवताच बकाराम मागोमाग निघाला.

डॉक्टर वीरेंद्र समितीचे सचिव. या माणसाला खलनायक करून टाकलं तर गोष्ट सोपी होईल, पण ती खोटी होईल. वॉर्ड, कॉलेज, ओपीडी आणि समिती अशी चार माणसांची कामं ते एकटे ओढत. दारात प्रेमिलाला पाहून ते गडबडीने उभे राहिले.

‘‘अरे भाभीजी, आप क्यों आयीं? बकारामने आणलं असतं ना!’’

‘‘सभेची खोली पाहाची होती, साहेब.’’

किल्ली सापडायला दहा मिनिटं लागली. खोलीत लांब टेबल होतं, त्यावर आणि भोवती छतापर्यंत सलाइनची खोकी रचलेली होती. खुर्च्या एकीवर एक चढवून कोपऱ्यात ठेवलेल्या. ‘सखोल चर्चा’ इथेच झाली होती तर. प्रेमिलाने पदराने टेबलाच्या मोकळ्या कोपऱ्यावरची धूळ झटकली आणि रजिस्टर त्यावर ठेवलं.

‘‘ह्या कागदात बाईले इचारतीन असं कुठंच नाही लिवलं.’’

‘‘गावात घरातला मोठा माणूसच हो म्हणतो, भाभीजी. तिथली पद्धत आहे ती. आपण पद्धतीचा मान ठेवतो.’’

‘‘रक्त सुनेचं हाय ना, साहेब? का सासऱ्याचं?’’

डॉक्टरांचा आवाज चढला. ‘‘सुनिए, मागच्या आठवड्यात नऊ वर्षांचा मुलगा माझ्या वॉर्डात गेला. सिकलसेल. रात्रभर दुखतंय दुखतंय म्हणून ओरडत होता. असे किती मुलं आहेत चाळीस गावांत, मला शोधायचेत. पाहुणे परत गेले तर पुन्हा येणार नाहीत. तुमच्या एका सहीसाठी ते मुलं मरू देऊ?’’

हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नव्हता, आणि त्या पोराचं ओरडणं बकारामनेही तिला सांगितलं होतं. मागे उभी असलेली हर्षा तेव्हा पुढे आली.

‘‘डॉक्टरसाहेब, मी हर्षा. तुमच्या यादीतली. माह्या नवऱ्याचं रक्त घ्याले कोनी गेलं होतं का?’’

डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली.

‘‘मंग माह्या लेकराले धोका हाय का नाही, तुमालेबी नाही समजलं. मलेबी नाही. घर तेवढं गेलं.’’

खोलीत पंखाही नव्हता. डॉक्टरांनी कपाळ पुसलं आणि पहिल्यांदा त्या पोटुशा पोरीकडे पेशंट म्हणून नव्हे, माणूस म्हणून पाहिलं. प्रेमिलाने पेन उघडलं.

‘‘मी आजाराच्या बाजूनं नाही बोलून राहिली, साहेब. शोधा लेकरं. पन इचारून शोधा, आन् जिचं हाय तिलेच सांगा. मी सही नाही करत. पैल्याच्या सह्या हायेत, त्याइचं खरं काय ते लिवतो.’’

तिने रजिस्टरचं पहिलं पान काढलं. आपल्या वळणदार सहीखाली तिने लिहिलं, ‘मी या सभेत हजर नव्हते. रजिस्टर घरी आले होते. मी न वाचता सही केली.’ मग दुसरं पान. तिसऱ्या पानावर डॉक्टरांनी हात आडवा घातला.

‘‘भाभीजी, रजिस्टर बाहेर नेणं गुन्हा आहे इथे. हे लिहिलंत तर आधी कोण सापडेल? मी नाही. आपला बकाराम सापडेल. यादीत नाव आहे त्याचं.’’

धमकी नव्हती ती. खरं तेच ते सांगत होते, आणि म्हणूनच प्रेमिलाचं पेन थांबलं. तिने दाराकडे पाहिलं. बकाराम चौकटीला धरून उभा होता, तोंड उतरलेलं, पोटात सकाळपासून अन्न नाही. चार वर्षं तो ज्या सह्यांमागे धावला, त्या साऱ्या सह्या आता त्याच्याच गळ्याभोवती येत होत्या. बायकोने त्याला काही विचारलं नाही. नुसती वाट बघितली.

बकारामने हर्षाकडे पाहिलं. ती पोटावर हात ठेवून उभी होती. तो खोक्यांमधून वाट काढत टेबलापाशी आला आणि डॉक्टरांचा हात त्याने हळूच, साहेबांना धक्का लागू नये अशा बेताने, बाजूला केला.

‘‘लिव,’’ तो म्हणाला. ‘‘आन् खाली जागा सोड. नेनारा मी होतो, मायंबी नाव येऊ दे.’’

अकरा पानांवर तिने तीन-तीन वाक्यं लिहिली आणि प्रत्येक पानाखाली त्याने सही केली, ‘रजिस्टर नेणारा, बकाराम कुंभरे.’ बाराव्या पानावर, त्या दिवशीच्या वृत्तांताखाली प्रेमिलाने एवढंच लिहिलं, ‘सभा झाली नाही.’

पाहुणे चार वाजता आले. ते रजिस्टर कपाटात ढकलायचं की टेबलावर ठेवायचं, हे ठरवायला डॉक्टरांकडे तासभर होता. त्यांनी ते टेबलावर ठेवलं. ही गोष्ट सांगणाऱ्याने एवढं श्रेय त्यांना दिलंच पाहिजे.

पुढचं फुकट मिळालं नाही. चाळीस गावांचं काम थांबलं. पर्मनंटच्या यादीत बकारामचं नाव नव्हतं, आणि त्याला ऑफिसातून काढून गेटवर उभं केलं. मोहल्ल्यातल्या बायकांनी प्रेमिलाला ‘स्वतःच्या ताटात माती कालवणारी’ ठरवलं आणि निम्मी पोलकी दुसरीकडे गेली. नंदाबाईंची मात्र गेली नाहीत. भिंतीवरचा कागद प्रेमिलाने स्वतः काढून दवाखान्यात नेऊन दिला. ज्या समितीत रुग्णालयाशी संबंध नसलेला माणूस हवा, तिथे शिपायाची बायको कशी चालेल, हा प्रश्न चार वर्षांत कुणी विचारला नव्हता. तो शेवटी तिनेच विचारला.

महिन्याभराने समितीची सभा भरली. खोकी हलवली होती, टेबल पुसलं होतं, आणि सगळे सदस्य एका वेळी एका खोलीत बसले होते. नर्सिंग कॉलेजच्या रीता मॅडम नव्या होत्या, आणि प्रेमिलाच्या जागी तिरोड्याकडच्या एका बचत गटाच्या बाई आल्या होत्या, त्यांचा या दवाखान्यात कुणी नातेवाईक नव्हता. सहा गावांत काय घडलं ते ऐकायला हर्षाला बोलावलं होतं. प्रेमिला तिला सोबत म्हणून आली आणि उघड्या दाराबाहेर बाकड्यावर बसली. दुर्गेश अजून न्यायला आला नव्हता. त्याने रक्तही दिलं नव्हतं.

‘‘हर्षाताई,’’ डॉक्टर वीरेंद्र म्हणाले. त्यांची मराठी त्या दिवशी जरा जास्तच सांभाळून चालत होती. ‘‘तुमच्याबाबत जे झालं ते तुम्ही समितीला सांगाल का? तुमची इच्छा असेल तरच. नाही म्हणालात तरी चालेल.’’

हर्षाने लगेच उत्तर दिलं नाही. या सगळ्या प्रकरणात तिला ‘तुझी इच्छा आहे का’ असं आत्या सोडून कुणी पहिल्यांदाच विचारत होतं, आणि तिला सवय नव्हती. वकीलसाहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. कुणी घाई केली नाही.

‘‘नाही,’’ हर्षा म्हणाली. ‘‘असं सगळ्याइच्या समोर नाही सांगत. एकदा सगळ्याइच्या समोरच झालं. ह्या दोन बाया बसू द्या, त्याइले सांगीन.’’

मग डॉक्टर वीरेंद्र उठले. त्यांच्यामागे वकीलसाहेब उठले, दोन मोठे डॉक्टर उठले, आणि चौघेही व्हरांड्यातल्या उन्हात येऊन उभे राहिले. दार आतून लागलं.

बकाराम पाणी घेऊन गेटवरून आला होता. साहेबलोक बाहेर आलेले बघून त्याला वाटलं, सभा संपली. चार वर्षांची सवय, तो रजिस्टर आणायला दाराकडे वळला.

‘‘राहू द्या,’’ प्रेमिला म्हणाली. ‘‘त्याले आतच राहू द्या.’’